सायफाय गेम्समधलं अँबियंट म्युझिक: कोण कोण ऐकतं? (आणि थोडी मदत हवी आहे)

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. अँबियंट म्हणजे चाल-ताल पुढे न करता नुसतं वातावरण धरून ठेवणारं संगीत, त्यावर बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज पाऊस जरा उघडलाय आणि नेटही बरं चालतंय म्हणून लिहून टाकतो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमचं घर देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या अलीकडे, सड्याच्या कडेला. खाली कातळ, त्याच्या खाली समुद्र. घरात गाज सतत असते पण आम्ही कोणी ती ऐकत नाही, म्हणजे कान तिच्याकडे जातच नाही. शिकायला पुण्याला गेलो तेव्हा पहिले काही दिवस झोपच लागेना, कॉटवर पडून विचार करायचो की इथे नेमकं काय कमी आहे, आणि चौथ्या की पाचव्या रात्री लक्षात आलं की गाज नाहीये.

मागच्या जुलैत घरी होतो आणि सबनॉटिका खेळत होतो. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: तुमचं यान पाण्याने भरलेल्या एका ग्रहावर कोसळतं आणि जगायचं तर खाली खाली बुडी मारत जावं लागतं. २०१८ मध्ये पूर्ण आला हा गेम, संगीत आणि आवाज दोन्ही सायमन चिलिन्स्कीचे. तर त्या दिवशी दुपारपासून लाईट नव्हती, लॅपटॉपची बॅटरी निम्मी, बाहेर पागोळ्या धो धो गळतायत आणि मी पडवीत हेडफोन लावून बसलेलो. वरच्या उथळ पाण्यात हलकं हलकं संगीत होतं, मासे बघत बघत खाली उतरत गेलो तर ते कधी संपलं ते कळलंच नाही, नुसता एक खोल घुमणारा आवाज उरला. आणि मला कळेना की हा गेममधला आहे की बाहेरचा. हेडफोन काढला, बाहेर तसाच आवाज. परत लावला, आतही तसाच. तीन वेळा केलं असं. अंगावर काटा आला तो तिसऱ्या वेळी.

तेव्हापासून मी गेमचं संगीत वेगळ्या कानाने ऐकायला लागलो. मला वाटतं की सायफायमध्ये अँबियंट इतकं शोभतं कारण आपण तिथे परके असतो, त्या ग्रहावर आपल्यासाठी कोणी गाणं लावून ठेवलेलं नसणार, जे असेल ते आपण यायच्या आधीपासून चालू असलेलं असणार. गाजेसारखं.

आता मदत. आम्ही तिघं मित्र एक छोटा गेम करतोय. ग्रहावर एक वेधशाळा आहे, भरती येत राहते, पाणी मजल्यामजल्याने चढतं आणि तुम्हाला वर वर सरकत काम उरकायचंय. संगीताचं माझ्याकडे आहे. कुठले गेम कान देऊन ऐकू, आणि तासभर खेळलं तरी कंटाळा येणार नाही असं कसं करू?

मधली_आळी
मस्त धागा! सबनॉटिकाबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

माझ्याकडून आऊटर वाइल्ड्स. २०१९ चा गेम, संगीत अँड्र्यू प्रालो. कथा अजिबात सांगणार नाही कारण हा गेम आयुष्यात एकदाच पहिल्यांदा खेळता येतो. एवढंच सांगते की एका छोट्या सूर्यमालेत तुमच्या आधी गेलेले काही प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर बसलेत आणि प्रत्येक जण आपापलं वाद्य वाजवतोय, कोणी बँजो, कोणी बासरी, कोणी माउथऑर्गन, कोणी तालवाद्य, एक जण नुसती शीळ घालतो. तुमच्याकडे लांबचे आवाज पकडणारं यंत्र असतं. यानातून ते एखाद्या ग्रहावर रोखलं की तिथला माणूस ऐकू येतो. मी एकदा सूर्यमालेपासून फार लांब गेले होते, इंधन संपत आलं होतं, मागे वळून ते यंत्र सूर्याकडे धरलं आणि सगळी वाद्यं एकत्र, एकाच चालीत ऐकू आली. प्रत्येक जण आपल्या ग्रहावर एकटा आहे, एकमेकांना बघूही शकत नाहीत, आणि तरी सगळे एकच गाणं वाजवतायत. मी पॉज करून आईला हाक मारली, तिला ऐकवलं. तिला गेम काय ते माहीत नाही पण ती खुर्ची ओढून बसली शेजारी.

आणि दर २२ मिनिटांनी तिथे काय होतं आणि त्याच्या आधी कुठलं संगीत सुरू होतं ते ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत आहे. मी ते सूर आता कुठेही ऐकले तरी हातातलं काम थांबतं. घड्याळ न दाखवता वेळ संपत आली हे नुसत्या संगीताने सांगणं म्हणजे काय ते तिथे कळतं. तुमच्या भरतीच्या गेमला हे उपयोगी पडेल बघा.

तोंडलीभात
मी रत्नागिरीचा, सध्या ठाण्यात. मन दुखवायचं नाहीये पण प्रामाणिकपणे लिहितो, मला या प्रकारात संगीत सापडत नाही. चाल नाही, ताल नाही, गुणगुणता येत नाही. तानपुरा जुळवून ठेवलाय आणि गवई आलाच नाही असं वाटत राहतं. लहानपणीच्या गेम्सच्या चाली मला अजून पाठ आहेत. आत्ताच्या या मोठ्या अंतराळवाल्या गेम्समधलं चार सूरसुद्धा आठवत नाहीत, मग ते चांगलं कसं म्हणायचं?

पायपेटी
@तोंडलीभात, तानपुऱ्याचं उदाहरण फार बरोबर दिलंत, मी त्याच्यावरच लिहिणार होतो, फक्त मला त्याचा अर्थ उलटा लागतो. गवई आलाय की. जो खेळतोय तो गवई.

मी कुडाळचा. माझे मामा दशावतारात पेटी वाजवतात, पायपेटी, म्हणून माझं हे नाव. लहानपणी जत्रेच्या हंगामात त्यांच्याबरोबर गावोगाव गेलोय, रात्रभर मृदंगवाल्याच्या मागे गोधडीत बसून नाटक बघितलंय. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, रंग लावता लावता दोन गोष्टी बोलून घेतात आणि उभे राहतात. पुढे नट काय बोलेल, किती बोलेल, कधी रडेल, कधी तलवार काढेल हे पेटीवाल्याला माहीत नसतं. मामांची नजर सगळा वेळ नटावर. राजाचं बोलणं लांबलं तर ते नुसता एक सूर धरून ठेवतात, पाय भात्यावर अगदी हलका, मृदंगवाल्याचा पंजा कातड्यावर टेकलेला पण वाजत नाही. पाच मिनिटं सुद्धा तसंच. लोकांना वाटतं पेटी बंद आहे. आणि राजाने शेवटचा शब्द टाकून पाऊल उचललं की त्या पावलाबरोबर झांज, मृदंग, पेटी एकदम. आतून राक्षसाने आरोळी दिली तर वेगळं, राणी रडायला लागली तर वेगळं.

मी मामांना एकदा विचारलं की तो सूर धरता तेव्हा काय विचार करता, तर म्हणाले, "तेका मोकळो ठेवचो. आपण वाजवक लागलंव तर तो बोलतलो कसो?"

गेममधलं अँबियंट म्हणजे माझ्या मते हा धरलेला सूर. खेळणाऱ्याला बोलायला मोकळं ठेवलंय. त्यातल्या गुणगुणायच्या चाली आठवत नाहीत हे बरोबरच आहे, मामांचा धरलेला सूरही कोणी घरी जाऊन गुणगुणत नाही, राजाचं भाषण सांगतात एकमेकांना.

रातकिडा
वा पायपेटी, हे वाचून झाल्यावर मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. मी चिपळूणचा, काम सॉफ्टवेअरचं, एका गेमच्या ऑडिओवर वर्षभर काम केलंय म्हणून तांत्रिक बाजू लिहितो.

तुझे मामा करतात तेच गेममध्ये दोन पद्धतीने करतात. एक म्हणजे थर. एकच संगीत पाच-सहा वेगळ्या ट्रॅकवर एकाच वेळी चालू असतं, काहींचा आवाज शून्यावर, आणि तुम्ही काय करताय त्याप्रमाणे एकेक वर येतो. एफटीएल नावाचा छोटा गेम आहे २०१२ चा, बेन प्रन्टीचं संगीत. त्यात प्रत्येक भागाच्या गाण्याची दोन रूपं आहेत, लांबी तीच, चाल तीच, एक शांतपणे फिरतानाचं आणि दुसरं लढाईचं. शत्रूचं यान समोर आलं की पहिलं विरत जातं आणि दुसरं वर येतं, गाणं तुटत नाही. शिकायला याच्याइतकं सोपं आणि स्वच्छ उदाहरण नाही, सड्यावरचा, यापासूनच सुरुवात कर. दुसरी पद्धत म्हणजे तुकडे. छोटे छोटे तुकडे करून ठेवायचे आणि पुढचा कुठला लावायचा ते खेळ बघून ठरवायचं.

पोर्टल २ पण ऐक, माइक मोरास्की, २०११. त्यात कोडं सोडवताना लेझर योग्य जागी लागला की त्याचाच एक सूर संगीतात मिसळतो. म्हणजे तू कोडं सोडवतोस तसं गाणं पुरं होत जातं.

आणि हे काही आजचं नाही. १९८६ च्या पहिल्या मेट्रॉइड गेमचं संगीत हिरोकाझू तानाकाचं. त्या काळी सगळे गेम आनंदी चालींचे, आणि या माणसाला हवं होतं की संगीत कुठलं आणि आवाज कुठला हे खेळणाऱ्याला वेगळं करता येऊ नये, सगळं मिळून एक जिवंत प्राणी वाटला पाहिजे. मोकळी चाल त्याला शेवटासाठी राखायची होती, जिंकल्यावर. आता ब्रिन्स्टारची, म्हणजे त्यातल्या पहिल्या भागाची, चाल मला स्वतःला पाठ आहे त्यामुळे ते शंभर टक्के झालं असं नाही, पण खालच्या भागांत उतरलं की कळतं तो काय म्हणत होता. एवढ्याशा मशीनवर केलंय हे सगळं. तुला पडवीत जे झालं ना, ते त्याला जपानात बसून तेव्हाच हवं होतं.

श्रीवर्धनकर
मधल्या आळीने आऊटर वाइल्ड्सचं लिहिलं म्हणून लिहितो.

त्यात एक ग्रह आहे, अख्खा समुद्र आणि त्यावर चक्रीवादळं फिरत असतात, बेटंच्या बेटं उचलून आकाशात फेकतात. मी पहिल्यांदा तिथे उतरलो आणि लगेच गेम बंद केला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. आमची सुपारीची बाग, निम्म्याच्या वर झाडं एका दुपारी गेली. त्या दिवशीचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो, वाऱ्याचा तर होताच पण त्याच्या खाली एक हुंकार होता, सतत, आणि मध्येच झाडं मोडल्याचे फटके. गेममध्ये तोच हुंकार होता. ज्याने केला त्याने वादळ ऐकलेलं असणार असं मला वाटलं.

महिन्याने परत गेलो तिथे. एका बेटावर उतरलो तर तो बासरीवाला झोळी बांधून त्यात पडलाय आणि वादळात बासरी वाजवतोय. मी काहीही न करता त्याच्या शेजारी उभा राहिलो, बेट वर फेकलं गेलं, परत खाली आलं, तो वाजवतच होता. आमच्या इथे वादळानंतर तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी मोडक्या ओटीवर बसून भजन म्हटलं होतं, पेटी नाही काही नाही. मला तेच आठवलं. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

मधली_आळी
@श्रीवर्धनकर, वाचलं. शब्द नाहीत. बाग आता कशी आहे?

श्रीवर्धनकर
नवीन रोपं लावलीत. सुपारीला वेळ लागतो. पण उभी आहेत.

तोंडलीभात
मी दोन रात्री सगळं ऐकत होतो, तुम्ही सांगितलेलं आणि थोडं आणखी. पायपेटी, तुमचं म्हणणं पटलं, गवई कोण ते मी चुकीचं धरलं होतं. मास इफेक्टच्या आकाशगंगेच्या नकाशाचं संगीत लावून (२००७, जॅक वॉल आणि सॅम ह्युलिक) काम करत बसलो आणि अडीच तास कसे गेले कळलं नाही. नकाशावर नुसतं बोट ठेवून कुठे जायचं ते ठरवायचं, त्या वेळेला एवढंच संगीत हवं हे मान्य.

पण चालीवर माझा मुद्दा सोडत नाही. होमवर्ल्ड आठवतो का कोणाला? १९९९. पॉल रस्के याचं बाकीचं संगीत अगदी अँबियंट, पोकळीत तरंगल्यासारखं. आणि तिसऱ्या मोहिमेत तुमचा ताफा घरी परततो तर अख्खा ग्रह जळतोय, आणि तिथे सॅम्युअल बार्बर या संगीतकाराची अडाजिओ ही संथ रचना लागते, ती सुद्धा माणसांच्या आवाजातली, कोरसची. मूळ रचना १९३६ ची. तिथे नुसता घुमणारा सूर लावला असता तर मी रडलो नसतो. तिथे चालच पाहिजे होती.

रातकिडा
अगदी मान्य. पण त्याच्या आधी सगळं सपाट आणि शांत होतं म्हणून ती चाल एवढी लागली. आधीपासून चाली चालू असत्या तर ती आणखी एक चाल झाली असती. मला वाटतं तुम्ही दोघं एकच सांगताय, मामासुद्धा सूर धरून ठेवतात ते पुढच्या पावलासाठी.

बाय द वे, नो मॅन्स स्काय कोणीच काढला नाही. २०१६. शेफील्डचा सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक नावाचा बँड आहे, त्यांनी अल्बम केला आणि त्याचेच सुटे तुकडे गेमला दिले, पॉल वियरच्या टीमने ते तुकडे खेळताना आपोआप जुळवणारी यंत्रणा केली. ग्रह अगणित आहेत, त्यांना हाताने कोण संगीत लिहिणार. कल्पना फार मोठी आहे पण माझं मत विचाराल तर अल्बम जास्त आवडतो, गेममध्ये खूप वेळा तुकडे नुसते शेजारी शेजारी बसलेत असं वाटतं, एकमेकांशी बोलत नाहीत.

सड्यावरचा
एवढं भरभरून लिहिलंत, सगळं वहीत उतरवून घेतलंय. दशावताराचं वाचून आम्ही गेमचा आराखडाच बदलला. आता पाणी चढत नसेल तेव्हा फक्त गाज आणि तानपुऱ्याचा एक षड्ज, बाकी काही नाही. पाणी एका मजल्याच्या वर आलं की मग थर.

पण अडचण आली. काल खाली पुळणीवर जाऊन फोनवर अर्धा तास गाज रेकॉर्ड केली. घरी येऊन ऐकतो तर दोन गोष्टी. वाऱ्याचे फाडफाड फटके, आणि सगळ्या लाटा एकाच उंचीच्या ऐकू येतात, प्रत्यक्षात तशा नव्हत्या. शिवाय ४० सेकंदांचा लूप केला तर तिसऱ्या फेरीला एक विशिष्ट लाट ओळखीची होते, मग कान तिचीच वाट बघत बसतो आणि डोकं उठतं.

रातकिडा
एकेक घेऊ.

लाटा एका उंचीच्या होतात कारण फोन आवाज आपणहून सांभाळतो, मोठी लाट आली की दाबतो, शांत झालं की ओढून वर आणतो. हाताने लेव्हल लावता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घे, किंवा कोणाकडून छोटा रेकॉर्डर माग, भजनी मंडळांत हल्ली असतो कोणाकडे तरी. सगळ्यात मोठी लाट ऐकून लेव्हल लाव आणि मग हात लावू नकोस. वाऱ्याला माइकवर स्पंज पाहिजे, आणि कातळाच्या आड बस, तोंड समुद्राकडे आणि पाठीला दगड. एवढं करूनही खालची घरघर राहिली तर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाक.

लूपचं उत्तर ब्रायन ईनो या अँबियंटवाल्या संगीतकाराने १९७८ मध्येच देऊन ठेवलंय, विमानतळासाठी केलेल्या त्या अल्बममध्ये. वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकदम चालू करायची, ती परत एका जागी भेटायला प्रचंड वेळ लागतो. (२००८ च्या स्पोर गेमलाही त्यानेच आपोआप तयार होणारं संगीत दिलंय.) हिशोब कर. लाटांचा तुकडा ४० सेकंदांचा, वाऱ्याचा ५०, तानपुऱ्याचा ६० असेल तर बरोबर १० मिनिटांनी सगळं हुबेहूब परत येणार. तेच ३७, ५३ आणि ७१ सेकंदांचे काप. यांना कोणी समान भागतच नाही, त्यामुळे तोच मेळ परत जमायला १,३९,२३१ सेकंद, म्हणजे साडेअडतीस तासांच्या वर. आणि ती जी ओळखीची लाट आहे ना, ती कापूनच टाक. वेगळी उठून दिसणारी कुठलीच लाट लूपमध्ये ठेवायची नाही, तसल्या लाटा सुट्या ठेव आणि गेमला अधूनमधून सोडू दे.

आणखी एक, लूपसाठी एमपीथ्री नको. फाईलच्या टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि सांध्यावर खड्डा ऐकू येतो. वेव्ह किंवा ऑग वापर.

पायपेटी
तानपुरा ॲपवरचा घेऊ नका एवढी विनंती. खरा मिळवा, जव्हारी (तारेखालच्या दोऱ्याने ब्रिजवर साधलेला झंकार) नीट लावलेला. सुताचा दोरा ब्रिजवर केसभर सरकवला की आवाज कसा उघडतो ते स्वतः करून बघा, तो उघडताना रेकॉर्ड करा. मला वाटतं तुमच्या गेममध्ये पाणी चढताना दुसरं वाद्य आणायची गरजच पडणार नाही, तोच षड्ज हळूहळू उघडत नेला तरी पुरेल.

सड्यावरचा
अपडेट. भजनी मंडळाचा रेकॉर्डर मिळाला. स्पंज लावला, कातळाआड बसलो, तीन तुकडे कापले ३७, ५३, ७१ चे. जव्हारीचं पायपेटी म्हणाले तसंच केलं, शेजारच्या गावात एका बाईंकडे तानपुरा आहे, त्यांनी स्वतः दोरा सरकवून दिला. रात्री तिघांनी एकदम लावून ऐकलं आणि कोणी काही बोललंच नाही बराच वेळ. वेधशाळेच्या पहिल्या मजल्यावर पाणी येतं तो भाग होता.

काका ओटीवर बसले होते. चाळीस वर्षं समुद्रावर काढलीत त्यांनी, आता गुडघ्यांमुळे जात नाहीत. त्यांच्या कानाला हेडफोन लावला, काय आहे ते सांगितलं नाही. डोळे मिटून ऐकलं, मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"खंय घेतलंस?"

म्हटलं खाली, कातळाआड.

"ह्यो सुकतीचो आवाज. पाणी दगडातसून भायर जाताहा. भरतीक असो आवाज येणा नाय."

मी फाईलची वेळ बघितली. खरंच, ओहोटीला अडीच तास होऊन गेले होते. पाणी उतरत असतानाचा आवाज मी पाणी चढण्याच्या प्रसंगाला लावला होता. मी जन्मापासून या घरात राहतोय. मग काकांनी बराच वेळ समजावून सांगितलं, भरतीला पाणी कपारीत शिरतं तेव्हा आधी आतली हवा दबते, त्याचा एक बोदा ठोका येतो आणि लाट त्याच्या मागून, सुकतीला ठोका नसतो, नुसता दगडगोट्यांवरून ओढल्याचा सरसराट. मी रेकॉर्डिंग परत लावलं. सरसराटच आहे. आता तो ऐकू येतो तर दुसरं काही ऐकूच येत नाही.

परवा पुनव आहे, उधाणाचं पाणी असेल. परत घेतो सगळं.

श्रीवर्धनकर
उधाणाला एकटा कातळावर उतरू नकोस. काकांना विचारून जागा ठरव.

सड्यावरचा
नाही उतरत. वरच्या पायरीवर बसून घ्यायचं ठरलंय, काठी टेकत काका पण येतो म्हणालेत. ठोका कधी येतो ते ते हाताने खूण करून सांगणार, मी तेवढीच लेव्हल बघायची.